एका आठवड्याचं दालन आणि बिल्डरचं ब्रोशर

नमस्कार,

‘मुंबईतल्या काळा घोडा भागातल्या गॅलऱ्यांच्या ओपनिंगचे फोटो टाकायचे, खाली संधींची यादी डकवायची आणि गावाकडच्या पोरांना स्वप्नं विकायची, एवढाच तुमचा धंदा,’ असं तुम्ही इचलकरंजीहून लिहिलंत. सोबत स्वतःचा हिशेबही दिलात. ए. टी. डी. (कलाशिक्षक पदविका), मग जी. डी. आर्ट (कलेची पदविका), शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला, कर्ज काढून मुंबईत एक आठवड्याचं प्रदर्शन, सात दिवसांत एकाही चित्रावर ‘विकलं’ सांगणारी लाल टिकली नाही. शिवाय एका बिल्डरनं तुमचं एक चित्र घेतलं आणि न विचारता ते ब्रोशरवर छापलं. ‘यावर तुमच्या यादीत काय आहे?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. राग समजतो, पण त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टींचा गुंता झालाय. तो सोडवून बोलतो.

आधी गॅलरीचं. गॅलऱ्या दोन जातीच्या असतात, आणि आपल्या कला महाविद्यालयांत हे कुणी धड सांगत नाही. पहिली भाड्याची. तिथे तुम्ही दालन आठवड्यासाठी घेता, पैसे भरता, चित्रं स्वतः टांगता, स्वतः उतरवता. चित्र विकलं गेलं काय नि नाही काय, तिचा जीव त्यात अडकलेला नसतो. दुसरी जात चित्रकार निवडते, त्याला वर्षानुवर्षं सांभाळते, संग्राहकांशी बोलते, कॅटलॉग काढते आणि विक्रीतून साधारण तीस ते पन्नास टक्के कमिशन घेते. ही गॅलरी ‘बुक’ करता येत नाही. तुम्ही पहिल्या जातीच्या ठिकाणी गेलात आणि अपेक्षा दुसरीची ठेवलीत. तुमच्यासारखे शेकडो जण तेच करतात, कारण मुंबईत ‘शो’ झाला की झालं, हे आपल्याकडे प्रत्येक वर्गात ऐकवलं जातं.

म्हणून भाड्याची दालनं वाईट ठरत नाहीत. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली उघडली, त्यामागे चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह होता आणि सर कावसजी जहांगीर यांची देणगी. चित्रकारांना हक्काची सार्वजनिक जागा नव्हती, ती मिळाली. आजही तिथे मंगळवारी प्रदर्शन लागतं, सोमवारी उतरतं, आणि म्युझियम बघायला आलेलं कुटुंबसुद्धा सहज आत शिरतं. हे मोल कमी नाही. तिथली निवड आणि त्यानंतरची लांबलचक रांग तुम्हाला ठाऊकच आहे. पण अशा दालनात विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा चित्रकारानंच बोलावलेला असतो. ज्याच्याकडे मुंबईतल्या पंचवीस माणसांचे पत्ते नाहीत, त्यानं भाडं, फ्रेमा, टेम्पो, कार्ड छपाई, ओपनिंगचा चहा आणि आठवडाभराचं लॉज हा सगळा खर्च करून खुर्चीवर बसून राहायचं, हा प्रकार मलाही पसंत नाही. कर्ज काढून तर मुळीच नको. पहिलं प्रदर्शन कोल्हापूरच्या शाहू स्मारकात किंवा पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात करावं, असं मी कुणालाही सांगेन. तिथे तुमची माणसं येतात, आणि चित्रकाराचं पहिलं गिऱ्हाईक बहुधा ओळखीतलंच असतं.

मग मी काळा घोड्याबद्दल का लिहितो? कारण तिथे फुकट शिकता येतं. जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर 1963 साली केमोल्ड ही दुसऱ्या जातीची गॅलरी सुरू झाली. ती काढणाऱ्या केकू गांधींची मूळ कंपनी फ्रेमा बनवणारी होती. चौकटी विकता विकता त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली आणि त्यातून देशातल्या महत्त्वाच्या गॅलऱ्यांपैकी एक उभी राहिली. आता ती तिथे नाही, पण फोर्ट आणि कुलाब्यात चालत फिरता येईल एवढ्या अंतरावर दुसऱ्या जातीच्या बऱ्याच गॅलऱ्या आहेत. दार ढकलून आत जायचं, तिकीट नसतं. टेबलावर किमतीची यादी असते, नसली तर मागायची. इंग्रजीत बोललं पाहिजे असं काही नाही. कोणत्या आकाराच्या कामाला काय भाव लावलाय, मागे कुठली प्रदर्शनं झाली, बायोडेटा कसा लिहिलाय, हे बघायचं. आपल्याकडे अजूनही चौरस इंचाचा दर धरून किंमत काढतात आणि शेवटच्या दिवशी ती निम्म्यावर आणतात. पहिल्या दिवशी पूर्ण किमतीत चित्र घेतलेल्या माणसाला हे कळलं, तर तो पुन्हा तुमच्याकडे फिरकत नाही.

यादीबद्दल एकच सांगतो. ‘आंतरराष्ट्रीय’ ग्रुप शो, त्याची भरमसाट सहभाग फी, वर ट्रॉफी आणि प्रमाणपत्र, अशा जाहिराती मला सतत येतात. त्या मी घालत नाही आणि घालणार नाही. यादीत राहतं ते बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन (ही संस्था 1888 ची, अमृता शेरगिलना 1937 साली सुवर्णपदक तिथेच मिळालं), कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, ललित कला अकादमी, आणि केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजना. तुम्ही वय अडतीस लिहिलंय, म्हणजे ‘तिशीनंतर काहीच नाही’ हे तुमचं म्हणणं तुमच्याच बाबतीत खरं नाही. मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप 25 ते 40 वयासाठी आहे, महिना 10,000 रुपये, दोन वर्षं. चाळिशीनंतर सीनियर, महिना 20,000. नुसती चित्रं पाठवून ती मिळत नाही, अभ्यासाचा प्रकल्प मांडावा लागतो. कापडाच्या गावात राहणाऱ्या चित्रकाराला विषय शोधायला लांब जावं लागू नये.

आता तुमचं ते वाक्य: ‘मास्तरकी करणारा चित्रकार राहत नाही.’ हे मला अजिबात मान्य नाही. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात डिझायनर होते. सुधीर पटवर्धन तीसेक वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, आणि त्यांच्या चित्रांतलं शहर त्या नोकरीमुळे फिकं पडलं असं कुणी म्हणणार नाही. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत. चित्रांवरच घर चालवणारे आजही थोडे आहेत, पूर्वी त्याहून थोडे होते. शाळेबद्दल मात्र तुम्ही लिहिलंत त्याहून परिस्थिती वाईट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील, तर कलेसाठी निदेशक सांगितलाय, पण ‘अर्धवेळ’. त्या एका शब्दावर सगळं भागवलं जातं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवायची, दहावीच्या वाढीव गुणांचं श्रेय शाळेनं घ्यायचं, आणि शिकवणाऱ्याला तासाचे पैसे. यावर स्वतंत्र लिहायला हवं, आणि ते तुमच्यासारख्यांनी लिहिलेलं जास्त बरं.

राहिला बिल्डर. त्यावर तुम्ही एकच ओळ खर्च केलीत, पण तुमच्या सगळ्या तक्रारीत सर्वांत भक्कम बाजू तीच आहे. चित्र विकलं म्हणजे चित्राची वस्तू विकली. ते छापण्याचा हक्क त्यासोबत आपोआप जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. घेणाऱ्यानं ते भिंतीवर लावावं, ब्रोशरवर छापायचं तर तुम्हाला विचारावं आणि वेगळे पैसे द्यावेत. मात्र इथे एक मेख आहे, आणि पोर्ट्रेटची कामं घेणाऱ्या प्रत्येकानं ती पाठ करावी. चित्र आधीच काढलेलं होतं आणि नंतर विकलं, तर हक्क तुमचा. त्यानं पैसे देऊन ‘असं काढून द्या’ म्हणून करवून घेतलं असेल आणि काहीच ठरलं नसेल, तर कलम 17 प्रमाणे कॉपीराइटचा पहिला मालक तोच ठरतो. म्हणून ऑर्डरचं काम घेताना ‘छापण्याचे हक्क चित्रकाराकडे’ एवढी एक ओळ दोघांच्या सहीनं लिहून ठेवायची.

त्याशिवाय कलम 57 आहे. छपाईत तुमचं नाव गाळलं, किंवा नावाला बट्टा लागेल असं चित्र कापलं, बदललं, तर हक्क विकल्यानंतरही दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 साली सरकारनं उखडून टाकलं. सेहगल कोर्टात गेले, आणि 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावून वर पाच लाखांची भरपाई दिली. समोर केंद्र सरकार होतं, बिल्डर नव्हे. अर्थात त्यात गेलेली वर्षंही बघा. ब्रोशरच्या प्रकरणात बहुतेक वेळा वकिलाच्या नोटिशीवरच बोलणी सुरू होतात.

तेव्हा आधी त्या ब्रोशरची एक प्रत मिळवा आणि विक्रीची पावती किंवा त्या वेळचे व्हॉट्सॲप मेसेज शोधून ठेवा, काहीही पुसू नका. आणि मला एवढंच कळवा की चित्र तयार होतं की त्यानं सांगून करून घेतलं. नोटीस कशी लिहायची ते त्यावर ठरेल.