‘काहीही चालेल’ म्हटलेले भागच गोव्यात आधी पारखा

बारावीचे निकाल लागून इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचं सार असं: गेमिंग आणि प्रोग्रॅमिंगसाठी पीसी जोडताना निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डावर घाला, रॅम ८ जीबी पुरे, ती नंतर वाढवता येते, प्रोसेसर जेवढा मोठा तेवढा बरा, एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट काहीही चालेल, आणि गोव्याच्या दमट हवेत लिक्विड कूलिंग (द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणं) हवंच. फोंडा-डिचोलीतले पालक हाच संदेश दुकानदारापुढे धरून साठवलेले पैसे मोजतात. म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायलाच हवं.

आधी ग्राफिक्स कार्ड. गेममध्ये खरा भार त्यावर पडतो हे मान्य. पण कोड कम्पाइल होताना, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलताना, ते जवळजवळ रिकामंच असतं. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा असेल तर कार्डाने सेकंदाला १४० फ्रेम काढल्या तरी पडद्यावर ६०च दिसणार. त्यामुळे आधी मॉनिटर ठरवा, मग त्याला पुरेल एवढं कार्ड घ्या. मशीन लर्निंग शिकायचं असेल तर गोष्ट वेगळी: कुडा, म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करून घेणारं सॉफ्टवेअर, फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतं आणि तिथे कार्डाची मेमरी जितकी जास्त तितकी बरी.

रॅमबद्दलचा सल्ला तर विद्यार्थ्याचं सरळ नुकसान करणारा आहे. अँड्रॉइड स्टुडिओ हे अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर एम्युलेटरसह (पडद्यावरचा नकली फोन) चालवायचं तर गूगलच किमान १६ जीबी सांगते. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) वापरलं, तर ते मूळ सेटिंगमध्ये मशीनच्या निम्म्या मेमरीपर्यंत जाऊ शकतं. शिवाय रॅमची एकच स्टिक लावली की ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम माहिती नेणं) मिळत नाही, आणि पुढे डीडीआर५ प्रकारच्या रॅमच्या चार स्टिक भरल्या तर वेग बहुधा कमी करावा लागतो. सुरुवातीलाच दोन स्टिकचा जोड घ्या. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये) रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो चालू आहे ना, तेही दुकानातच बघा; नाहीतर पैसे मोजलेला वेग मिळतच नाही.

प्रोसेसरचा नुसता आकडा बघू नका, सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बसायची जागा, बघा. एएमडीचे एएम४ सॉकेटवरचे रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये आले, आणि त्यावेळच्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी बसतो, म्हणजे बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर घालता येतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे बिघाड होतो हे २०२४ मध्ये उघड झालं आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो घेतलाच तर आधी बायोस अपडेट करून घ्या.

आता ‘काहीही चालेल’ वाला एसएमपीएस. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, दाब खाली-वर होतो, आणि हा सगळा मार पहिल्यांदा एसएमपीएस झेलतो. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला घ्या. तो दाब बराच खाली गेला तरी तग धरतो. ८० प्लसची खूण फक्त कार्यक्षमता सांगते, संरक्षणाबद्दल काही नाही, तेव्हा ओव्हर-व्होल्टेज आणि शॉर्टसर्किट संरक्षण आहे का ते वेगळं विचारा. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना वीज गेली तर मोठ्या कार्डाचा पीसी त्यावर तिथेच बंद पडेल. बॅटरीवर चालताना विजेची गुळगुळीत लहर न देता पायऱ्यांसारखी लहर देणारा स्वस्त यूपीएस काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीचा घ्यावा. आणि घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तर नक्कीच.

राहिलं लिक्विड कूलिंग. त्याचा रेडिएटर, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा भाग, खोलीच्याच हवेने थंड होतो, म्हणून खोलीपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. बहुतेकांना प्रोसेसरवर बसणारा चांगला एअर कूलर (पंख्याने थंड करणारा) पुरतो आणि त्यात पंप बिघडण्याची भीती नाही. दमटपणावर तर दोन्हींचा काहीच इलाज नाही. चालू पीसी खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे त्यात पाणी साचत नाही. खरा शत्रू मीठ आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं. पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. कळंगुट, मांद्रे, कोलव्याच्या वाऱ्यातलं मीठ धुळीबरोबर बोर्डावर बसतं, ओलं होतं आणि तांबं खाऊ लागतं. यावर उपाय कॅबिनेटच्या निवडीत आहे: पुढे धुण्याजोगी जाळी, आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत घेणारे जास्त, म्हणजे हवा जाळीतूनच येते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर जाळी वरचेवर धुवा आणि पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ तरी चालवा. एसीच्या खोलीत बंद ठेवलेला पीसी गार झालेला असतो, तेव्हा एसी बंद केल्या केल्या खिडक्या उघडू नका. बाहेरच्या दमट हवेतलं पाणी त्याच्या गार भागांवर धरतं.