पगार तोच, तरी हात आखडतो

सरकारने खर्चाला कात्री लावली की लोक खरेदी का थांबवतात? ठरलेलं उत्तर असतं, ‘हातात पैसाच उरत नाही.’ ते खरं आहे, पण अर्धंच. माझ्या मते त्याहून मोठं कारण भीती आहे.

ज्यांच्या पगाराला धक्काही लागलेला नसतो, तेही हात आखडता घेतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाची नोकरी गेली, वेतनवाढ गोठवल्याचं परिपत्रक आलं, पेन्शनचे नियम बदलणार अशी कुजबुज सुरू झाली, तेवढं पुरतं. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं की माणूस खर्च ठरवतो तो या महिन्याच्या कमाईवरून नाही, पुढे एकूण किती मिळत राहील या अंदाजावरून. काटकसरीच्या काळात तो अंदाजच ढासळतो.

मग आधी काय थांबतं? जे पुढे ढकलता येतं ते. गाडी, फर्निचर, नवा फ्रीज. जुना अजून वर्षभर चालेल, असं म्हणत दिवस काढता येतात. जेवणखाण, औषधं, घरभाडं मात्र ढकलता येत नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवलं होतं की घर जितकं गरीब, तितका उत्पन्नातला मोठा वाटा अन्नावर जातो. म्हणून तिथे कापायला काही उरतच नाही, आणि तरीही कापावं लागतं. हे मला सगळ्यात जास्त छळतं. त्यात कर्जाचा हप्ता असेल तर तो आधी जातो, घर चालतं उरलेल्यावर.

खर्चकपातीच्या जोडीने सरकार कर वाढवतं, त्यांचंही तसंच. ब्रिटनने जानेवारी २०११ मध्ये व्हॅट, म्हणजे खरेदीवर लागणारा कर, १७.५ वरून २० टक्के केला, ग्रीसने २०१० या एकाच वर्षात १९ वरून २३ टक्क्यांवर नेला. असा कर श्रीमंत-गरीब दोघांना एकाच दराने लागतो, पण जो सगळी कमाई खर्चूनच जगतो त्याला तो जास्त बोचतो.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरलीच जात नाही. सरकारी दवाखान्यातल्या सेवा कमी झाल्या, बेकारभत्ता घटला, की आजवर सरकारने उचललेला धोका घरावर येतो. मग ज्याला जमतं तो त्यासाठी पैसे बाजूला टाकतो. त्याला ‘खर्च करा, अर्थव्यवस्था चालवा’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. त्याच्यापुरता तो शहाणपणानेच वागतोय. सगळेच असं वागले की मागणी आटते, आणखी नोकऱ्या जातात. अर्थतज्ज्ञ केन्सनी १९३६ मध्ये हा पेच मांडला होता. खर्चकपात चाललेल्या ग्रीसमध्ये २०१३ साली बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर गेली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की कपातीचा फटका अंदाजात कमी धरला गेला होता. तोवर किती घरांची घडी विस्कटून गेली होती!

सरकारने आपली तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त होणारा खर्च, कमी करूच नये असं मी म्हणत नाही. पण कपात कुठे होणार, किती वर्षं चालणार, हे आधी स्पष्ट सांगा. आणि नोकरी गेलेल्या माणसाचा आधार सगळ्यात शेवटी कापा. तो आधार शाबूत आहे हे दिसलं, तर नोकरीत असलेला माणूसही पुढे ढकललेली खरेदी करायला धजावेल.