किडनी आळशी होत नसते, मावशी

मावशीने बीपीची गोळी सोडल्याचं मला १९ दिवसांनी कळलं. डोकं ठणकतंय म्हणाली म्हणून दंडाला पट्टा गुंडाळला, तर आकडा १८८/१०६. "अरे, त्या गोळ्यांनीच किडनी जाते. वाच की," म्हणत तिने फोन माझ्यापुढे धरला.

मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. बीपी सांभाळणं हे किडनीचं काम. गोळी घेतली की किडनी आळशी होते आणि सुकत जाते. म्हणून गोळी बंद करा, रोज पाच लिटर पाण्याने किडनी 'धुऊन काढा', गुलाबी मीठ खा, लघवी साफ होतेय तोवर काळजी नको. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. असल्या सल्ल्याची शेवटची पायरी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसते.

पहिलं वाक्य खरं आहे, हे कबूल करावं लागतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. दाब वाढला की त्या मीठ-पाणी जास्त टाकतात; दाब पडला की रेनिन नावाचं रसायन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि मीठ धरून ठेवलं जातं. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्याने अरुंद केली आणि त्यांचं बीपी चढलं. राखणदार किडनीच, वादच नाही. पण ज्याचं बीपी कायम वर असतं, त्याच्या किडनीने तो वरचा आकडाच बरोबर धरलेला असतो. तेवढा दाब मिळाल्याशिवाय ती पुरेसं मीठ बाहेर सोडत नाही. तिच्यावर सोडून द्या म्हणजे काय, तर तो वरचा आकडा ती इमानाने जपणार.

आता तो 'आळस'. किडनी म्हणजे काय दंडाचा स्नायू आहे, व्यायाम सुटला की बारीक व्हायला? ती सुकते ती दाबाच्या माराने. गाळणीच्या बारीक केशवाहिन्या वर्षानुवर्षं जास्त दाब सोसतात, कडक होतात, बुजतात. मावशीची गोळी 'सार्टन' गटातली. 'प्रिल' आणि 'सार्टन' या गटांतल्या गोळ्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, म्हणजे आतला दाब उतरतो. कॅप्टोप्रिल या 'प्रिल' गोळीची चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि त्यातून किडनीचा आजार असलेले ४०९ रुग्ण होते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात साठणारा कचरा, दुप्पट झालं ते गोळीवाल्या २०७ पैकी २५ जणांचं आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवाल्या २०२ पैकी ४३ जणांचं. मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांतलं काही ओढवण्याचा धोका निम्म्यावर आला. मेसेजवाल्याने आरोपी म्हणून उभं केलंय ते नेमकं किडनी वाचवणाऱ्या औषधाला!

अफवेला धागा कुठून मिळाला, तेही सांगतो. ही गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण आतला दाब उतरल्याचीच ती खूण असते. म्हणून तर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असतील तर ही गोळी त्रास देते. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं तर डॉक्टर ती काही दिवस थांबवतातही. पण 'तपासत राहा' आणि 'फेकून द्या' यांत फरक आहे की नाही? गंमत म्हणजे गुडघ्यासाठी मावशी मनाने ज्या वेदनाशामक गोळ्या घेते, त्यातल्या बऱ्याच किडनीला खरोखर इजा करतात आणि बीपीही वाढवतात. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

पाच लिटर पाणी? आमच्याकडे माणूस आधी काट्यावर उभा राहतो. गेल्या खेपेपेक्षा अडीच किलो जास्त भरला, तर ते अडीच लिटर पाणी असतं, बाहेर पडायला वाट न मिळालेलं. घोटा दाबला तर खड्डा राहतो, बीपी चढलेलं असतं, आडवं झालं की धाप लागते. चार तासांत मशीनने ते पाणी ओढलं की अनेकांचा आकडा त्याच खुर्चीत उतरतो. किडनी धडधाकट असेल तर जादा पाणी ती मुकाट्याने टाकून देते. त्यात धुण्यासारखं काही नसतं.

गुलाबी मीठ हे मीठच, सोडियमच. आणि लघवी होते म्हणून किडनी ठीक, हे तर मुळीच धरू नका. डायलिसिसवरच्या कित्येकांना लघवी होतच असते. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासा, तिथे कळतं.

मावशीची गोळी डॉक्टरांना विचारून त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली. मग मेसेज पाठवणाऱ्या मामांना फोन लावला. विचारलं, तुम्ही तुमची गोळी कधी बंद केलीत?

"मी कशाला बंद करू?" मामा म्हणाले. "माझं बीपी जरा जास्तच असतं."