कोफी म्हणजे शुक्रवारचा
तुमच्या लेखात कोफी या नावापुढे नुसतं 'आफ्रिकन नाव' एवढंच लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. हे घानातल्या अकान लोकांचं नाव आहे आणि अर्थ अगदी सरळ, शुक्रवारी जन्मलेला मुलगा. युनोचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, तो शुक्रवारच होता, आणि त्यांच्या नावात मधे अट्टा आहे त्याचा अर्थ जुळं, त्यांना जुळी बहीण होती, म्हणजे नुसत्या नावावरून वार पण कळतो नि जुळा आहे हे पण, किती सुंदर!! शनिवारचा क्वामे, सोमवारचा क्वाद्वो किंवा कोजो. हीच नावं गुलामांच्या जहाजांतून जमैकाला पोचली, तिथे इंग्रजांशी लढून १७३९ मध्ये ज्याने त्यांना तह करायला लावला त्या 'मरून' लोकांच्या (म्हणजे मळ्यांवरून पळून डोंगरात राहिलेल्या गुलामांच्या) म्होरक्याचं नाव कुजो, म्हणजे हाच कोजो. माणसाचं सगळं हिरावून घेतलं तरी जन्मवार टिकला बघा.
आपल्याकडे पण वारावरून नावं आहेतच की, सोमा, मंगळ्या, बुध्या, आदिवासी पाड्यांवर ऐकू येतात. तेव्हा प्लीज सगळं 'आफ्रिकन' म्हणून एकत्र ढकलू नका, कुठल्या लोकांचं, कुठल्या भाषेतलं एवढं तरी लिहा.