खिडकीखालचं सिंक

आमच्या दर्यापूर तालुक्यात रुपया हे फक्त दुकानदाराला द्यायचं चलन आहे. घरातला हिशेब कापसात होतो. पोराची कॉलेजची फी किती, तर तीन क्विंटल. मोटरसायकलचा विमा, पाव क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला. पण हिशेब धरायचा तो खेडा खरेदीवाला अंगणात येऊन जो भाव सांगतो त्याचा, आणि तो माणूस गंजीत हात घालायच्या आधीच 'ओलावा हाय' म्हणून मोकळा होतो. त्यामुळे सैपाकघर नवं करायचं ठरलं तेव्हा कागदावर आपोआपच दोन रकाने पडले, एक रुपयांचा आणि एक क्विंटलचा. ग्रॅनाइटचा ओटा, पाच. टाइल्स, चार. ट्रॉल्या आणि चिमणी, सात. अगदी तळाशी, बॉलपेनची शाई संपत आली असताना लिहिलेली ओळ: नळफिटिंग, एक.

या एकावर कुणीही हरकत घेतली नाही. ग्रॅनाइट पाहायला माणसं अमरावतीपर्यंत जातात, त्यावरून हात फिरवतात, मोबाइलचा टॉर्च मारून चमक बघतात. पाइप पाहायला कोण जातो? तो भिंतीत गाडला जाणार, वरून टाइल बसणार, आणि पाहुण्यांपैकी एकही जण 'पाइप मस्त टाकला भाऊ' असं म्हणणार नाही.

सगळ्या खर्चाचं मूळ बायकोच्या एका साध्या अटीत होतं. सिंक खिडकीखाली पाहिजे. आमची जुनी मोरी मागच्या कोपऱ्यात, अंधारात. खिडकी पुढच्या बाजूला, रस्त्यावर. भांडी घासता घासता कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं आणि परत येताना पिशवी भरलेली होती की रिकामी, हे दिसायला हवं, ही तिची मागणी मला रास्त वाटली. आजही वाटते.

प्लंबर टेप घेऊन आला. त्यानं खिडकी पाहिली, मोरी पाहिली, मधलं अंतर पाहिलं आणि खाली बसला. प्लंबर खाली बसला की खर्च उभा राहतो.

"वहिनी," तो म्हणाला, "सिंक इथं बसते. नय बी येते. पानी बी येईन. पन थे जाईन कुठं?"

घराचं पाणी येतं कुठून यावर आमच्याकडे निवडणुका लढल्या जातात. जातं कुठं, हा प्रश्न मात्र फरशी फुटेपर्यंत कुणाला पडत नाही. येणारं पाणी टाकीच्या दाबानं चढतं, वळतं, कोपऱ्यातून मुकाट जातं. जाणाऱ्या पाण्याला फक्त उतार कळतो. दर ४० फुटांना एक फूट उतार पाहिजे, हा प्लंबरचा नियम. खिडकीपासून मागच्या नालीपर्यंत ३० फूट, म्हणजे नऊ इंच. आणि आमची फरशी नालीपेक्षा जेमतेम सहा इंच उंच. राहिलेले तीन इंच बाजारात विकत मिळत नाहीत. ते घराच्या पोटातून काढावे लागतात, किंवा पाणी दुसरीकडे न्यावं लागतं.

मी शोषखड्डा सुचवला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्याचं चित्र रंगवलेलं आहे, त्यामुळे माझा आवाजही जरा सरकारी लागला. प्लंबरनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "भाऊ, हे काई मुरमाची जमीन हाय का? काळी माती हाय. हिच्यात पानी टाकलं त थे खाली नाई जात, वर पाहत बसते." खरंच आहे. आमची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी आकसते, की भेगेत चावी पडली तर नवी करून घेणंच परवडतं. त्या फुगण्या-आकसण्यात जमिनीतला पाइपही हलतो आणि जोडातून निसटतो. म्हणून चर जास्त खोल, पाइपाखाली वाळू, वळणावर चेंबर. खिडकीतून रस्ता दिसण्याची किंमत इथवर दीड क्विंटल झाली होती, आणि अजून पाणी घरात आलंच नव्हतं.

येणाऱ्या पाण्याचं मी सोपं धरलं होतं. जुनी लाइन आहे, तिला जोड मारायचा. जुनी लाइन जीआयची, म्हणजे लोखंडी, वडिलांनी टाकलेली. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी खारं. नळाला शहानूर धरणाचं गोड पाणी येतं तेव्हा येतं, एरवी बोअर. त्या खाऱ्या पाण्यानं पाइपाचं आतून काय केलं होतं ते प्लंबरनं एक तुकडा कापून दाखवलं. अर्ध्या इंचाच्या पाइपात ज्वारीचा दाणा अडकेल एवढं भोक उरलं होतं. बाकी सगळा गंज आणि खार. अशा पाइपाच्या आट्यांना पाना लावला की त्या पानाबरोबरच येतात. मग मागचा जोड उघडावा लागतो, तोही येतो, मग त्याच्या मागचा. असं करत करत माणूस टाकीपर्यंत पोचतो.

नवा पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा घ्या, असा त्याचा आग्रह. हा पाइप गरम पाण्यासाठी, ९३ अंशांपर्यंत सोसतो. मी म्हटलं, आपल्याकडे गिझर कुठं आहे? तो म्हणाला, "मे महिन्यात दुपारी दोन वाजता नय उघडून हात लावजा, मंग सांगजा." पारा ४५ वर जातो तेव्हा स्लॅबवरची काळी टाकी चहापत्ती तेवढी मागत नाही. सीपीव्हीसी घेतला.

मजुरी पॉइंटवर ठरते, हे ज्याला माहीत नाही त्यानं सैपाकघराला हात लावू नये. भाव एका पॉइंटचा ठरतो, आणि आपण ओट्याकडे बघत म्हणतो, एक नळ, एक पॉइंट. प्लंबर बोटांवर मोजायला लागतो. नळाचं पाणी येतं तो एक. सिंकचं पाणी जातं तो दुसरा. आरओला पाणी लागतं तो तिसरा. आरओ जे पाणी नाकारतो ते कुठंतरी सोडायचं तो चौथा, आणि आमच्या पाण्यात आरओ पितो कमी, नाकारतो जास्त. सैपाकघराचा वेगळा व्हॉल्व्ह हवा, म्हणजे उद्या नळ गळला तर अख्ख्या घराचं पाणी बंद करायला नको. तो पाचवा. हा पाचवा मी न कुरकुरता दिला. त्याच्याइतकी शहाणी गोष्ट या सगळ्या कामात दुसरी झाली नाही.

मधेच पुण्याच्या भाच्यानं एका नळाचा फोटो पाठवला. मान लांबवता येणारा, हातात घेऊन फवारणी करता येणारा. बायको विरघळली. प्लंबरनं फोटो मोठा करून पाहिला आणि स्लॅबकडे बोट केलं. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. आमच्या टाकीपासून नळापर्यंत नऊ-दहा फूट, म्हणजे बारचा जेमतेम तिसरा हिस्सा. "पुन्यात पंप लावते. हा नय इथं नुसते हुंदके देईन." पंप बसवायचा तर वीज हवी, आणि आमची वीज केव्हा असेल हे तिलाही माहीत नसतं. नळ साधा आला, पितळी, जड. वाचलेल्या पैशांचा आनंद हार्डवेअरच्या दुकानात संपला. पाइप स्वस्त असतो हो. पैसे खातात ती पोरंटोरं: एल्बो, टी, कपलर, रिड्यूसर. त्यातही नळ जिथं फिरवून बसतो तो आतून पितळी आट्यांचा एल्बो, साध्या एल्बोच्या कितीतरी पट. बिल झाल्यावर दुकानदारानं टेफ्लॉन टेप फुकट दिली आणि उपकार केल्यासारखं हसला.

सगळे जोड सोल्यूशननं चिकटवून झाले. आता एक दिवस पाणी सोडायचं नाही, असं बजावून प्लंबर गेला आणि तासाभरात गावात नळ आला. आठवड्यातून कधीतरी येणारा. आईनं माझ्याकडे पाहिलं, बायकोनं आईकडे. आम्ही शेजाऱ्यांच्या अंगणातून गुंडानं, म्हणजे घागरीनं, पाणी भरलं, आणि शेजाऱ्यांनी 'नवं किचन कुठवर आलं जी' असं मनापासून विचारलं.

टाइल लागायच्या आधी एक काम मात्र मुद्दाम केलं. भिंतीला टेप धरून प्रत्येक पाइपाचा फोटो काढला. उद्या आरओवाला ड्रिल घेऊन येईल तेव्हा पाइप कुठून गेलाय हे त्याला नुसत्या अंदाजानं सांगायला नको.

नळफिटिंगची ओळ सव्वाचार क्विंटलवर थांबली. चिमणी रद्द झाली, फोडणीचा धूर खिडकीतून रस्त्यावर जाईल असं ठरलं. शेवटच्या दिवशी सिंक बसलं, २४ बाय १८ इंचाचं, लखलखीत. आईनं कण्यांचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, आणून त्यात ठेवून पाहिला. आडवा मावेना, उभा मावेना.

"मले मांगच्या कोपऱ्यात एक नय देजो बाबू," ती म्हणाली. "मी आपला बसून घासतो."

प्लंबर हत्यारं पिशवीत भरत होता, तो थांबला. "काकू, नय हा एक पॉइंट. पानी जाचं, हा दुसरा."

"पानी जाले मोरी हाय नं तिथं."

"थे त आमी कालच सिमेंटनं बुजवली," तो म्हणाला, आणि टेप काढून खाली बसला.