आत गेला म्हणून पोटगी माफ होत नाही!

"नवरा कळंब्याच्या जेलात आहे, आता कसली पोटगी? सुटू दे, मग बघू." कोर्टाच्या आवारात हे ऐकलं की डोकंच फिरतं. सांगणारे कोण? दीर, गल्लीतला पुढारी, कधी कधी काळा कोटवालेसुद्धा! तोवर पोरांनी काय हवा खायची?

आदेश झालाय ना? मग तो आत असला तरी आकडा दर महिन्याला चढतोच. रक्कम कमी करून हवी असेल तर अर्ज त्यानं करायचा. आणि 'पोटगी थकवली म्हणून महिनाभर बसून आलो, फिटलं' म्हणणाऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच स्पष्ट केलंय की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, त्यानं देणं फिटत नाही.

खरा घात मुदतीत होतो. पोटगीचं कलम सगळे अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ च म्हणतात, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालंय. पण वसुली वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो, हे तेच आहे. 'सुटू दे' म्हणत दोन वर्षं काढली की पहिल्या वर्षाची थकबाकी त्या वाटेनं गेली. महिना ५,००० धरा, ६०,००० रुपये पाण्यात. सल्ला देणारे भरून देणार काय?

बरं, अर्ज केला तरी पत्ता घरचा! समन्स घेऊन पोलीस जातो, सासू म्हणते 'तो इथं नसतोय', शेरा मारून कागद परत, पुढची तारीख. अहो, तो कुठं आहे हे अख्ख्या गावाला माहितीय! पत्ता 'मार्फत अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह' लिहा, बंदी क्रमांक टाका.

'त्याच्याकडं आहेच काय?' हा तर कळस. जेलची मजुरी तुटपुंजी, मान्य. पण सातबाऱ्यावर नाव आहे, ऊस कारखान्याला जातोय, बिल खात्यावर पडतंय, बुलेट भाऊ उडवतोय! सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश-नेहा निकालापासून पोटगीच्या खटल्यात मालमत्ता-उत्पन्नाचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. त्याचं आलं की सातबारा, आठ-अ, गाडीच्या कागदाची झेरॉक्स समोर ठेवा. जंगम माल जप्त होतो, जमिनीवर कलेक्टरमार्फत वसुली निघते.

हे चालू असताना बाल संगोपन योजनेचा अर्जही टाका. आई-वडील तुरुंगात असलेली मुलं त्यात बसतात, महिना २,२५० रुपये. तेही कुणी सांगत नाही. आणि वकील? बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तरी अर्जाचे म्हणून पैसे उकळणारे दारातच उभे असतात!