'परत खाली जा' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

"मामा, हे खरं का?" एवढंच लिहून भाच्याने एक मेसेज पुढे ढकलला. 'पाणबुडे आणि पॅराशूटवाले सांगत नाहीत अशा ५ गोष्टी.' पोरगा पुढच्या आठवड्यात स्कूबाला चाललाय, नाहीतर मी तो उघडलाही नसता.

पहिली गोष्ट: बेंड्स, म्हणजे दाब झपाट्याने कमी झाल्यावर अंगात बुडबुडे होऊन होणारा त्रास, ३० मीटरच्या खाली गेलं तरच होतो. साफ चूक. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत राहतो. घाईने वर आलात की सोड्याचं झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. किती खोल गेलात याबरोबर किती वेळ राहिलात हेही मोजावं लागतं. १८ मीटरवर दीड तास रेंगाळून थेट वर येणाऱ्यालाही बेंड्स होऊ शकतो.

दुसरी: तंदुरुस्त माणसाने भरपूर पाणी प्यावं, मग बेंड्स होत नाही. पाणी प्या बाबांनो, अंगातलं पाणी कमी असणं वाईटच, एवढं मान्य. पण तेवढ्याने खात्री मिळत नाही. टप्प्याटप्प्याने वर यायची पद्धत हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०८ साली मांडली ती बकऱ्यांवर प्रयोग करून, आणि सारखाच दाब सोसलेल्या बकऱ्यांतही काहींना त्रास झाला, काहींना नाही.

तिसरी वाचून मात्र डोकं फिरलं. 'सांधे दुखू लागले तर पेनकिलर घ्या आणि लगेच परत खाली जा, बुडबुडे विरघळतात.' दाबाने बुडबुडे आकसतात हे खरं, उपचारही पुन्हा दाब देऊनच होतो. पण कसा? अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमधलं टेबल ६ हे उपचाराचं वेळापत्रक बघा: कोरड्या चेंबरमध्ये, म्हणजे दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, १८ मीटरइतक्या दाबापासून सुरुवात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, मधेमधे हवेची विश्रांती, एकूण पावणेपाच तास. तुमच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधी हवा, म्हणजे आणखी नायट्रोजन. तीही पावणेपाच तास पुरणार नाही. पाण्यात पाय लुळे पडले किंवा शुद्ध गेली तर माणूस बुडतो. त्याच मॅन्युअलमध्ये पाण्यातल्या पाण्यात दाब देण्याचाही उल्लेख आहे, नाही कशाला म्हणू. पण चेंबर आवाक्यातच नसेल तेव्हाचा शेवटचा उपाय म्हणून. एरवी माणसाला आडवं झोपवायचं, शुद्ध ऑक्सिजन लावायचा आणि चेंबर गाठायचं. पेनकिलरने दुखणं दबतं आणि जायला उशीर होतो, बाकी काही नाही.

चौथी तर विनोदच. म्हणे पॅराशूटवाले वेगाने खाली पडतात म्हणून बुडबुडे होतात, तेव्हा छत्री लवकर उघडा! अहो, खाली येताना दाब वाढतो. बुडबुडे होतात ते वर चढताना. साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा असतो. म्हणून तर उंचावरून उडी मारणारे सैनिक आधी शुद्ध ऑक्सिजन घेत बसतात, नायट्रोजन अंगाबाहेर जावा म्हणून. २०१२ साली ३९ किलोमीटरवरून उडी मारणाऱ्या फेलिक्स बाउमगार्टनरनेही जमिनीवर दोन तास तेच केलं. मधेच मास्क काढून साध्या हवेत गप्पा मारल्या की नायट्रोजन परत आत शिरतो.

पाचवी: संध्याकाळी विमान पकडलं तरी चालतं, आत जमिनीइतकाच दाब असतो. नसतो. केबिनमध्ये २,४०० मीटर उंचीपर्यंतचा दाब असू शकतो. एकाच साध्या डायव्हनंतर निदान १२ तास, रोज अनेक डायव्ह केले असतील तर १८ तास थांबायचं.

भाच्याचा शेवटचा डायव्ह दुपारी दोनला आहे आणि विमान रात्री आठला. तिकीट बदलायला सांगितलंय.